तळघरातलं रोम

लंडनमध्ये रोमन अवशेष पाहायचे तर बहुतेक ठिकाणी जिना उतरावा लागतो. गिल्डहॉलच्या कलादालनाखाली रोमनांचं खेळांचं रिंगण आहे. ब्लूमबर्ग कंपनीच्या कचेरीखाली मिथ्रास देवाचं मंदिर आहे, लोअर थेम्स स्ट्रीटवरच्या एका ऑफिसखाली घर आणि स्नानगृह आहे. 'लंडन वॉल' नावाच्या रस्त्याखालच्या पार्किंगमध्ये तर ५२ क्रमांकाच्या जागेजवळ तटबंदीचा एक तुकडा गाड्यांच्या रांगेतच उभा आहे. हे सगळं पाहून वाटतं, या शहराने आपला वारसा पहिल्यापासूनच किती जपला! तसं मुळीच नाही. सापडलेलं जुनं बांधकाम जागेवरच, नव्या इमारतीच्या पोटात, लोकांना पाहता येईल असं राखायचं, ही प्रथा लंडनमध्ये जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे. ती रुजली त्यात राजा-राणीचा वाटा कमी. दोन औषधविक्रेते, एक कोळसाबाजार आणि रांगा लावून उभी राहिलेली सामान्य माणसं, यांचा वाटा मोठा.

आधी हे की रोम इतकं खाली गेलंच कसं. रोमनांनी इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर स्वारी केली आणि पुढच्या काही वर्षांतच थेम्सच्या उत्तर काठावर, वॉलब्रुक ओढ्याच्या दोन्ही अंगांना, लोंदिनियम, म्हणजे रोमन लंडन, वसलं. इ.स. ६० किंवा ६१ मध्ये आयसिनी टोळीच्या बूडिका राणीने बंड करून ते जाळलं. कुडाच्या भिंतींवरची माती त्या आगीत भाजून निघाली, आणि आजही सिटीत, म्हणजे लंडनच्या जुन्या गाभ्यात, खोल पाया खणला की तो लाल थर लागतो. मलबा उचलून न्यायचा तर मजुरी पडते. त्यापेक्षा सपाट करून वर बांधलेलं बरं. प्रत्येक पिढीने हेच केलं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता गेली, पण वस्ती पुन्हा वाढली तशी जमीनही चढत राहिली. रोमन काळातली जमीन आज काही ठिकाणी सात मीटर खाली आहे.

एकटी तटबंदी मात्र वर राहिली. इ.स. २०० च्या सुमाराला बांधलेली ही सुमारे तीन किलोमीटरची भिंत. लंडनला स्वतःचा चांगला दगड नाही, म्हणून केंट परगण्यातून मेडवे नदीमार्गे दगड आणला. १९६२ मध्ये ब्लॅकफ्रायर्सजवळ थेम्सच्या गाळात एक रोमन बोट सापडली, तिच्यात याच दगडाचा माल भरलेला होता. टॉवर हिलला भिंतीजवळ उभं राहून पाहावं. तासलेल्या करड्या दगडांचे काही थर, मग तांबड्या चपट्या विटांचा पट्टा, पुन्हा दगड. वरचा भाग मध्ययुगातला, ओबडधोबड, पट्टे नसलेला. रोमन काम कुठे संपतं आणि नंतरचं कुठे सुरू होतं हे सांगायला वाटाड्या लागत नाही.

आता पहिला औषधविक्रेता. १६६६ च्या आगीत लंडन जळालं, वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनने चर्चं नव्याने उभारायला घेतली आणि पायांच्या खड्ड्यांत रोमन वस्तू निघू लागल्या. १६७७ मध्ये सेंट पॉल कॅथीड्रलच्या जागेवर कुंभारांच्या रोमन भट्ट्या सापडल्या. कामगारांना त्या मोडायच्या होत्या आणि त्यांनी त्या मोडल्याच. पण त्याआधी जॉन कॉन्यर्स नावाच्या औषधवाल्याने तिथे जाऊन त्यांची चित्रं काढली, भांड्यांचे आकार टिपले. भट्ट्या गेल्या, कागद उरला. त्या काळात याहून जास्त कुणी करत नव्हतं.

दुसरा चार्ल्स रोच स्मिथ. याचंही औषधांचंच दुकान, पण काळ एकोणिसाव्या शतकाचा. लंडनभर गटारं आणि रस्ते खोदले जात होते, जुना लंडन ब्रिज पाडून नवा झाला होता, नदीच्या तळातून नाण्यांचे ढीग निघत होते. रोच स्मिथ खड्ड्यांच्या काठावर उभा राहायचा, मजुरांकडून वस्तू विकत घ्यायचा आणि कुठे काय निघालं याची टिपणं ठेवायचा. सिटीच्या नगरपालिकेला त्याची लुडबुड आवडत नसे, त्यांचे उघड खटके उडाले. अखेर १८५६ मध्ये त्याचा संग्रह ब्रिटिश म्युझियमने दोन हजार पौंडांना घेतला. त्याने केलेली एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. १८५२ मध्ये टॉवर हिलला तटाच्या बुरुजाच्या पायात एका रोमन थडग्याचा कोरीव दगड निघाला. त्यावरून हे थडगं कुणाचं असावं याचा अंदाज त्याने बांधला. पुढे १९३५ मध्ये त्याच जागी विजेच्या उपकेंद्रासाठी खणताना शिलालेखाचा उरलेला भाग मिळाला आणि नाव पक्कं झालं: क्लासिकियानस, बूडिकाच्या बंडानंतर ब्रिटनच्या महसुलाचा कारभार पाहायला आलेला अधिकारी. बंडखोरांवरचा सूड थांबवा, असं रोमला कळवणारा हाच, हे इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलं आहे. थडगं उभारणारी त्याची बायको ज्युलिया पकाटा. पुढच्या पिढ्यांनी तिचा तो दगड बुरुजाच्या पायात भराव म्हणून टाकला होता.

रोच स्मिथच्या हयातीतच आपल्या प्रथेचा जन्म झाला. १८४८ मध्ये बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारासमोर दगडी कोळशाच्या व्यापाऱ्यांसाठी भव्य कोल एक्स्चेंज बांधलं जात होतं, आणि पाया खणताना रोमन घराच्या खोल्या लागल्या. जमीन उचलून धरणारे विटांचे बुटके खांब, त्यांच्यामधून गरम हवा खेळवायची सोय. एरवी हे फोडून टाकलं असतं. इथे मात्र अवशेष नव्या इमारतीच्या तळघरात राखले गेले आणि लोकांना ते जाऊन पाहता येऊ लागले. वर कोळशाचे सौदे, खाली रोमनांचं न्हाणीघर. लंडनमधल्या तळघरातल्या रोमची कुळी इथून सुरू होते, असं मी मानतो.

या जागेची कथा तिथे संपत नाही. रस्ता रुंद करायचा म्हणून १९६२ मध्ये कोल एक्स्चेंजच पाडलं. एवढी देखणी इमारत गेली, पण तिच्याखालचं न्हाणीघर टिकलं. सुरुवातीला सांगितलेलं लोअर थेम्स स्ट्रीटवरचं स्नानगृह ते हेच. पुढच्या खोदकामात घराचे आणखी भाग उघडे झाले. तिथे एक बारीक गोष्ट सापडली, ती अवशेष जागेवर ठेवण्याचं मोल सांगते. न्हाणीघराचं छप्पर कोसळून कौलांचा खच पडला होता, आणि त्या खचात सॅक्सन बनावटीची एक गोल पिन मिळाली, पाचव्या शतकातली, वस्त्र खांद्यापाशी अडकवायची. म्हणजे रोमन गेले, घर ओस पडलं, छप्पर खाली आलं, आणि नंतर कधीतरी तिथून वावरणाऱ्या एखाद्या बाईची पिन कौलांत पडली. हीच पिन संग्रहालयाच्या कपाटात नुसती ठेवली तर एक दागिना. कौलांच्या खचात ठेवून वाचली तर लंडनच्या दोन युगांमधल्या रिकाम्या काळाचा पुरावा.

प्रथा जन्मली तरी ती लगेच रुळली नाही. १८६९ मध्ये क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीट काढताना बकलर्सबरीला रंगीत तुकड्यांची अखंड रोमन फरशी निघाली. ती पाहायला तीन दिवसांत हजारो लोक लोटले. नंतर फरशी उचलून संग्रहालयात नेली आणि रस्ता पुढे गेला. लोकांना हे पाहायला आवडतं, एवढं मात्र तेव्हाच सिद्ध झालं होतं.

विसाव्या शतकात या शोधकामाला शास्त्राचं बळ देणाऱ्यांपैकी एक मॉर्टिमर व्हीलर. १९२६ पासून तो लंडन म्युझियमचा प्रमुख होता आणि रोमन लंडनवर त्याने पायाभूत लेखन केलं. मराठी वाचकाला हे नाव परकं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया लंडनला शिकत असताना व्हीलरच्या इंग्लंडमधल्या मेडन कॅसलच्या उत्खननात काम करून आले होते. १९४४ मध्ये व्हीलर भारतीय पुरातत्त्व खात्याचा महासंचालक झाला आणि पुढच्याच वर्षी पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला त्याने रोमन व्यापाराच्या खुणा उकरल्या. त्याच सुमारास सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खणत होते. रोमन जगातून आलेली, ग्रीक समुद्रदेव पोसायडनची काशाची मूर्ती मिळाली ती याच टेकडीवर.

तिकडे लंडनवर १९४०-४१ मध्ये बॉम्ब पडले आणि सिटीचा मोठा भाग भुईसपाट झाला. इमारती उभ्या असताना जे शक्य नव्हतं ते आता शक्य झालं. पुरातत्त्वज्ञ डब्ल्यू. एफ. ग्राइम्स यांच्या देखरेखीखाली मोकळ्या तळघरांतून खोदकाम सुरू झालं. नोबल स्ट्रीटला त्यांना एक गोष्ट खटकली: तटाची भिंत इथे एक नव्हती, एकाला एक लागून दोन होत्या. बाहेरची आधीची, आतली नंतर जोड दिलेली. उलगडा असा झाला की इथे इ.स. १२० च्या सुमाराचा लष्करी किल्ला होता, आणि शहराचा तट बांधताना रोमनांनी किल्ल्याची भिंत आतून जाड करून वापरून टाकली. वायव्येला तट विचित्र वळण का घेतो, हे कोडं त्या जोडभिंतीने सोडवलं. आजही तिथे रस्त्यावरून खाली वाकून पाहिलं की दोन्ही भिंतींमधली सांध स्पष्ट दिसते.

याच ग्राइम्स यांनी आणि त्यांच्या सहकारी ऑड्री विल्यम्स यांनी १९५४ मध्ये वॉलब्रुकच्या काठी इ.स. २४० च्या सुमाराचं एक देऊळ उकरलं. मुदत संपत आली होती, बांधकामवाले थांबून होते. १८ सप्टेंबरला, खोदकाम आटोपायच्या दिवशी, मिथ्रासचं संगमरवरी मस्तक मिळालं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला आणि लंडनकर धावले. ऑफिसातून सुटलेले कारकून, मुलं घेतलेल्या बायका, युद्धात घर गमावलेली माणसं. रांगा गल्ल्यांतून वळत गेल्या. पुढच्या काही दिवसांत अंदाजे चार लाख लोक येऊन गेले. देवळाचं काय करायचं हा प्रश्न चर्चिलच्या मंत्रिमंडळापुढे गेला. बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या शहराला आपली मुळं इतकी खोल आहेत हे दिसलं, तो दिलासा त्या रांगांमध्ये असावा असं मला वाटतं.

देऊळ वाचलं, पण अर्धवट. दगड उचलून १९६२ मध्ये ते सुमारे शंभर मीटरवर, उघड्यावर, एका ऑफिसच्या ओट्यावर पुन्हा मांडलं. सिमेंटने. ओढ्याकाठी, जमिनीत खोल, अंधाऱ्या गाभाऱ्यात होणारी उपासना रस्त्याच्या वर, उन्हात आली. ही चूक होती, आणि सिटीने ती अर्धशतक मिरवली.

नियमांनी गाडी रुळावर आणली. १९८८ मध्ये गिल्डहॉलच्या आवारात रोमन रिंगण सापडलं, आणि १९८९ मध्ये शेक्सपिअरकालीन रोझ थिएटरचे अवशेष बांधकामाखाली जाणार म्हणून लोक रस्त्यावर उतरले. त्यानंतर, १९९० मध्ये इंग्लंडच्या नियोजन नियमांत स्पष्ट झालं की जमिनीखालचा पुरावा नष्ट होणार असेल तर त्याचा अभ्यास कसा होईल हे बांधकाम करणाऱ्याने आधी दाखवायचं, आणि खर्चही त्यानेच सोसायचा. रिंगण २००२ मध्ये खुलं झालं. वर आवाराच्या फरसबंदीत काळ्या दगडांच्या वक्र रेषेने त्याची हद्द आखली आहे.

याच तत्त्वावर ब्लूमबर्गच्या जागेवर २०१० नंतर खोदकाम झालं आणि वॉलब्रुकच्या ओल्या चिखलातून चारशेवर लाकडी लेखनपाट्या निघाल्या. पाट्यांवरचं मेण केव्हाच गेलं होतं. पण मेणातून लाकडात उतरलेले लेखणीचे ओरखडे उरले होते, कारण चिखलात हवा शिरली नव्हती. एकीवर तारीख आहे, ८ जानेवारी ५७: तिबुलस नावाचा गुलामगिरीतून सुटलेला माणूस आपण ग्रातसचे १०५ दिनार देणं लागतो असं लिहून देतो. लंडनचा तारीख असलेला सर्वांत जुना दस्तऐवज म्हणजे मालाच्या उधारीचा कागद. व्यापारी शहराला हे शोभून दिसतं.

२०१७ मध्ये मिथ्रासचं देऊळ पुन्हा खाली गेलं, सात मीटरवर, मूळ जागेच्या अगदी शेजारी. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झालं की ग्रेसचर्च स्ट्रीटवर एका ऑफिस इमारतीच्या तळघरात लंडनची पहिली रोमन बॅसिलिका, म्हणजे न्यायसभा, सापडली आहे. होऊ घातलेल्या नव्या टॉवरमध्ये ती लोकांना पाहता यावी अशी योजना आहे.

लंडनला जाणाऱ्यांनी म्युझियमं जरूर पाहावीत, पण एक दिवस सिटीसाठी राखावा. मिथ्रासच्या देवळाचं दर्शन फुकट आहे, फक्त वेळ आधी नोंदवलेली बरी. गिल्डहॉलच्या रिंगणालाही तिकीट नाही. बिलिंग्जगेटचं न्हाणीघर ठरावीक दिवशीच, वाटाड्याबरोबर उघडतं. त्याचं तिकीट मात्र आधीच काढून ठेवा.