कपाटाची किल्ली

"येवढा शिकान आता कपाटांची राखण करतलंस?"

पदवीनंतर मी ग्रंथालयशास्त्र शिकणार, असे घरी सांगितले, तेव्हा मामांनी हा प्रश्न टाकला. त्यात राग नव्हता, काळजी होती. कणकवलीसारख्या गावी मुलगा मास्तर झाला किंवा बँकेत लागला, तर चार लोकांना त्याचा अर्थ कळतो. ग्रंथपाल म्हणजे मात्र कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला एक गृहस्थ! हे चित्र आले कोठून, म्हणून मी इतिहास चाळू लागलो आणि त्यातच माझा निश्चय पक्का झाला.

आपल्या कोकणाला वाचनालये नवी नाहीत. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मधले, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर १८५२ मधले. पण त्या काळी अक्षरओळख थोड्यांना आणि वर्गणी भरून पुस्तक नेणारे त्याहून थोडे. पुस्तक दुर्मिळ, तेव्हा ते जपणे हाच ग्रंथपालाचा धर्म झाला. किल्लीचा मान वाढला तो असा.

ते कपाट खेड्यापर्यंत उघडण्याचा मोठा प्रयोग झाला बडोद्यास. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक मुलगा १८७५ साली दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सुटल्यावर हाती पुस्तक पडले नाही, तर शिकलेले अक्षरही पुसले जाते. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून घेतले. पुढल्याच वर्षी बडोद्यात ग्रंथपालांना शिकविण्याचा वर्ग निघाला. खेड्याने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम झाला. जेथे वाचनालय नाही, तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याची पेटी उघडताना सारी वाडी कशी गोळा होते, हे कोकणातल्या माणसाला सांगावयास नको!

बॉर्डन परत गेल्यावर हे काम पुढे नेणाऱ्यांत होते जनार्दन सखाराम कुडाळकर. आडनाव आमच्या शेजारच्या कुडाळचे! एम.ए., एलएल.बी. झालेला हा माणूस वकिलीची पदवी पदरी असताना ग्रंथालयात रमला आणि १९१९ साली बडोद्याच्या या चळवळीवर त्याने इंग्रजीत पुस्तक लिहिले.

शियाळी रामामृत रंगनाथन यांची कथा तर याहून मौजेची. ते मद्रासेस गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्या सुनसान खोलीत त्यांचा जीव रमेना. वर्ग आणि विद्यार्थी आठवत. त्याच वर्षी ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले. तेथे मुले, कामकरी, गृहिणी सारे वाचनालयात मोकळेपणाने वावरताना त्यांनी पाहिले आणि मन पालटले. परतल्यावर त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ते १९३१ साली पुस्तकरूपाने आले. पहिल्या नियमाचा मतितार्थ इतकाच की, पुस्तक वापरण्यासाठी असते, राखण्यासाठी नव्हे. मामांच्या प्रश्नाचे उत्तर एका गणितज्ञाने केव्हाच देऊन ठेवले होते!

आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. लोकांनी चालविलेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते ते त्याच्या आधारे. तरीही गावोगावच्या वाचनालयांतील सेवकांचे मानधन तुटपुंजेच आहे. मामांची काळजी अगदीच खोटी नाही, हे मीही जाणतो. बरे, आता सारे जग हातातल्या फोनवर आले असताना ग्रंथपाल हवा कशाला, असेही कोणी म्हणेल. पण माहितीचा पूर आला, म्हणून पिण्याचे पाणी घरात येत नाही. गडनदीच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. ते गाळून, निवडून, ज्याचे त्याच्या हाती देणारा कोणी लागतोच.

बारावीच्या मुलाला परीक्षेपलीकडचे पुस्तक, बागायतदाराला आंब्याच्या रोगावरची माहिती, डोळे अधू झालेल्या आजीला मोठ्या टाइपातली पोथी: हे जुळवून देणे मला करावयाचे आहे. पगार थोडा असेल. पण कुडाळकर आणि रंगनाथन ज्या वाटेने गेले, ती वाट कमीपणाची खास नव्हे.