लंडनचे धुके आणि मृत्यूंची वजाबाकी

लंडनच्या लोकांना धुके नवे नव्हते. त्यामुळे ५ डिसेंबर १९५२ रोजी शहरावर दाट धुके उतरले, तेव्हा सुरुवातीला कोणी फारसे घाबरले नाही. वारा पडलेला होता. जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण अशी स्थिती झाली होती. एरवी वर निघून जाणारा धूर आता खालीच कोंडला. घरोघरी थंडीसाठी दगडी कोळसा जळत होता, वीजकेंद्रेही कोळशावरच चालत. धुरात काजळी होती, तसाच सल्फर डायऑक्साइडही. ९ तारखेला वारा सुटला आणि धुके गेले.

मृत्यूंचे काय? दाखल्यांवर ब्राँकायटिस, न्यूमोनिया, हृदयविकार अशी नेहमीचीच कारणे होती. एकेक दाखला पाहून कोणालाच काही कळले नसते. कळले ते एकत्रित मोजणीतून. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहत् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात ते सुमारे १,८५० होते. अपेक्षित संख्या वजा केली की उरतात ते 'जादा मृत्यू'. धुक्याचे दिवस आणि त्यानंतरचे एक-दोन आठवडे धरून ते सुमारे ४,००० भरले.

पण वजाबाकी कोणत्या तारखेपर्यंत करायची? धुके गेल्यावरही मृत्यूंचे प्रमाण मार्चपर्यंत चढेच राहिले होते. आरोग्य मंत्रालयाने १९५४ च्या अहवालात हे नंतरचे मृत्यू इन्फ्लुएंझाच्या खाती टाकले. त्या हिवाळ्यात फ्लू होता, हे खरेच. म्हणून खुलासा पटण्याजोगा वाटला. तो खरोखर पुरेसा आहे का, हे मात्र आकडे मांडून तपासायला हवे होते. मिशेल बेल आणि देवरा डेव्हिस यांनी २००१ मध्ये व पुन्हा २००४ मध्ये ते काम केले. फ्लूमुळे यांतले बहुतेक मृत्यू झाले असे म्हणायचे, तर साथ कमालीची तीव्र मानावी लागते, असे त्यांना आढळले. त्यांच्या हिशेबाने धुक्याचे बळी सुमारे १२,०००.

हाही अंदाजच आहे, शिरगणती नव्हे. वर्गात ४,००० किंवा १२,००० यांपैकी कोणताही आकडा सांगताना आपण कालावधी आणि फ्लूबद्दलचे गृहीतक सांगितले नाही, तर विद्यार्थ्यांच्या हाती अर्धीच माहिती पडते, असे आम्हांला वाटते.

कायद्यासाठी मात्र लहान आकडाही पुरला. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवा कायदा केला आणि धूरबंदीचे विभाग ठरवण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळाला.