पाठीवरचा संसार

जेजुरीला पौष पौर्णिमेच्या गाढवबाजारात काठेवाडी जनावराला गावठीपेक्षा चढा भाव असतो. त्याच सौराष्ट्रात, जामनगर-द्वारकेकडच्या हालार भागात, पांढरं, थोराड हालारी गाढव आहे.

आपल्या धनगरणीचा संसार घोड्यावर, तसा तिकडच्या भरवाड-रबारी बायकांचा या गाढवावर. चराईच्या वाटेवर भांडी, अंथरुणं, नुकती जन्मलेली कोकरं त्याच्याच पाठीवर. कुंभारांची मातीही त्यानंच वाहिली.

मग टेम्पो आले, गायरानं आटली. पशुगणनेत २०१२ साली देशात सुमारे ३.२ लाख गाढवं होती. २०१९ ला १.२ लाखच उरली. हालारी तर अगदी थोडी.

आपण कुणालाही सहज ‘गाढव’ म्हणतो. पण हे जनावर संपलं, तर त्याचं ओझं कुणाच्या डोक्यावर येईल, हे आपल्या गटातल्या बायकांना सांगायला नको.