दोन आज्ञा, एक अंतःकरण

'आज्ञापालन' हा शब्द कानीं पडतांच छडी, घंटा आणि रांगेंत उभीं असलेलीं मुलें डोळ्यांपुढें येतात. माझें आयुष्य शाळेंत गेलें. भयानें होणारें आज्ञापालन मीं पुष्कळ पाहिलें आहे. ख्रिस्ती धर्मांत मात्र आज्ञापालनाचें नातें प्रीतीशीं जोडलेलें आहे. योहानाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्त अखेरच्या भोजनसमयीं शिष्यांना हेंच शिकवितो, आणि त्याच रात्रीं गेथशेमाने बागेंत स्वतःची इच्छा पित्याच्या इच्छेपुढें बाजूस सारतो. या शिकवणीची कसोटी विसाव्या शतकांतील एका शेतकऱ्यानें कशी दिली, तें आज सांगावयाचें आहे.

ऑस्ट्रियांतील सांक्ट राडेगुंड या खेड्यांत १९०७ सालीं फ्रान्झ येगरश्टेटर जन्मला. हिटलरचें जन्मस्थान ब्राउनौ हें त्याच जिल्ह्यांतलें. तारुण्यांत फ्रान्झ कांहींसा उच्छृंखल होता. १९३६ सालीं फ्रान्झिस्का या भाविक मुलीशीं त्याचा विवाह झाला, आणि तिच्या सहवासांत त्याची भक्ति दृढ झाली. त्यांना तीन मुली झाल्या. १९३८ सालीं ऑस्ट्रियाच्या जर्मनींतील विलीनीकरणावर मतदान झालें, तेव्हां गांवांत विरुद्ध मत देणारा तो एकटाच निघाला.

पुढें महायुद्ध पेटलें. १९४० सालीं त्याला लष्करी शिक्षणासाठीं जावें लागलें. शेतीकरितां सुटका होऊन तो परतला, तो हें युद्ध अन्यायाचें असल्याची खात्री घेऊनच. जर्मन सैनिकाची शपथ हिटलरप्रत बिनशर्त आज्ञापालनाची होती. म्हणजे एकाच अंतःकरणावर दोन धनी संपूर्ण हक्क सांगत होते. पौलानें रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत राजसत्तेच्या अधीन असावें असा उपदेश आहे. पण मनुष्यांपेक्षां ईश्वराची आज्ञा श्रेष्ठ, असें पेत्रानें न्यायसभेपुढें सांगितल्याची कथाही त्याच धर्मग्रंथांत आहे. फ्रान्झ लिंझच्या बिशपांना भेटला. युद्धाच्या न्यायान्यायाचा भार राज्यकर्त्यांवर आहे, तूं आपल्या कुटुंबाकडे पाहा, असा त्यांच्या सल्ल्याचा आशय होता. गांवकऱ्यांचें म्हणणेंही हेंच.

श्रोतेहो, हा सल्ला सहज झिडकारण्याजोगा नव्हता. ज्याची थोरली मुलगी सहा वर्षांचीही झाली नव्हती, त्यानें घर उघडें टाकावें, याला प्रीति म्हणावें काय? फ्रान्झिस्कानेंही प्रथम त्याचें मन वळवून पाहिलें. परंतु सारेच त्याच्या विरुद्ध गेलेले पाहून ती त्याच्या पाठीशीं उभी राहिली. कुटुंबावरील त्याचें प्रेम उणें नव्हतें, हें त्याच्या तुरुंगांतील पत्रांवरून दिसतें. मात्र त्या प्रेमाची सबब सांगून ईश्वराची आज्ञा मोडणें त्याला मान्य नव्हतें.

मार्च १९४३ मध्यें एन्स येथील छावणींत हजर होऊन त्यानें शस्त्र धरण्याचें नाकारलें. जखमींची शुश्रूषा करण्याची तयारी त्यानें दर्शविली. ती मान्य झाली नाहीं. बर्लिनच्या तुरुंगांत त्याला कळलें कीं, फ्रान्झ रायनिश या ऑस्ट्रियन धर्मगुरूनें १९४२ सालीं याच कारणास्तव देहदंड सोसला होता. त्याला मोठा धीर आला. हातांना बेडी असली तरी इच्छेला ती नको, अशा अर्थाचें त्यानें तेथें लिहून ठेविलें. ६ जुलै रोजीं शिक्षा सुनावली गेली. पत्नीची एक अखेरची भेट झाली. ९ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रांडेनबुर्ग येथें त्याचा शिरच्छेद झाला.

युद्ध थांबल्यावरही गांवाचा रोष थांबला नाहीं. विधवेला निवृत्तिवेतनासाठीं कित्येक वर्षें तिष्ठावें लागलें. १९९७ सालीं बर्लिनच्या न्यायालयानें ती शिक्षा रद्द ठरविली. २००७ सालीं कॅथॉलिक धर्मसंस्थेनें लिंझ येथें त्याला 'धन्य' घोषित केलें, तेव्हां ९४ वर्षांची फ्रान्झिस्का समारंभास उपस्थित होती.

फ्रान्झच्या मरणानें युद्ध एक दिवसही लवकर संपलें नाहीं. परंतु 'आम्हीं केवळ हुकूम पाळला' असें पुढें न्यायालयांत सांगणारे शेंकडों अधिकारी जगानें पाहिले. आज्ञाधारक तेही होते आणि हा शेतकरीही होता. आपण कोणाची आज्ञा पाळतों आणि कां पाळतों, हा प्रश्न त्यानें वेळींच स्वतःला विचारला, आणि उत्तराचें संपूर्ण मोल स्वतः दिलें.