उसन्या चालींचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात युवकांची बैठक आटोपल्यावर दोघा तरुणांत चांगलीच जुंपली. विषय होता एक रॉक वाद्यवृंद. एकाचे म्हणणे असे की, ही मंडळी जुन्या ब्लूजची निव्वळ नक्कल करतात. दुसऱ्याच्या मते तो ब्लूज नव्हेच. तो हार्ड रॉक, आणि तोही अस्सल. आम्ही किल्ल्या घेऊन दाराशी उभे होतो. दिवे मालवण्याची वेळ टळून गेली तरी दोघेही मागे हटेनात. आम्हांस मौज वाटली ती याची की, हाच वाद साठ-सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडात रंगला होता, आणि ज्यांच्यावरून तो रंगला ते गायक समोर व्यासपीठावर उभे होते.

मडी वॉटर्स हे त्यांचे नाव. मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यात ते वाढले आणि १९४३ साली पोटापाण्यासाठी शिकागोस गेले. तेथील दारूच्या गुत्त्यांतल्या गलबल्यात साध्या लाकडी गिटारीचा आवाज पोहोचत नसे. म्हणून त्यांनी विजेची गिटार धरली. १९५८ च्या ऑक्टोबरात इंग्लिश ट्रॉम्बोनवादक क्रिस बार्बर यांनी त्यांना इंग्लंडच्या दौऱ्यावर नेले. तेथील रसिकांना ब्लूज परिचित होता तो प्रामुख्याने बिग बिल ब्रूंझी यांच्यामुळे. हे ब्रूंझी शिकागोत पियानो-ड्रमच्या साथीने गात. मात्र युरोपात साधी गिटार घेऊन खेड्यातल्या जुन्या गायकाच्या रूपात उभे राहत, कारण श्रोत्यांना तेच हवे असे. अशा श्रोत्यांसमोर मडी वॉटर्स यांनी गिटार विजेच्या यंत्राला जोडली! गिटार किंचाळते, ही कसली लोककला, अशी तक्रार वृत्तपत्रांतूनही उमटली.

पाच वर्षांनी, १९६३ साली, ते पुन्हा इंग्लंडात आले. मागचा धडा लक्षात ठेवून या खेपेस त्यांनी साधी गिटार आणली. दरम्यान लंडनच्या तरुणांनी विजेचा ब्लूज उचलून धरला होता. मडी वॉटर्स यांच्या १९५० सालच्या एका तबकडीवरून नाव घेतलेला रोलिंग स्टोन्स हा वृंद १९६२ पासून त्यांचीच गाणी वाजवीत होता. साहजिकच श्रोते या वेळीही हिरमुसले. अस्सल काय, हे गायकाने ठरवायचे की तिकीट काढणाऱ्याने?

प्रकारांच्या नावांबद्दलही थोडे सांगावयास हवे. कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील व्यापारी एके काळी ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या तबकड्या, म्हणून विकत. १९४९ साली ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या यादीसाठी ते नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव स्वीकारले. ज्या नावांवरून आज तरुण हमरीतुमरीवर येतात, त्यांतील काही अशी दुकानाच्या गल्ल्यावर जन्मली आहेत.

तथापि शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना नुसते हसून चालणार नाही. १९६४ च्या जूनमध्ये तीन ब्लूजवेडे तरुण सन हाऊस नामक वृद्ध गायकाचा माग काढीत मिसिसिपीभर हिंडले. अखेरीस ते सापडले शेकडो मैल दूर, न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरी. सन हाऊस यांची कथा आम्हां धर्मगुरूंस विशेष चटका लावणारी आहे. कोवळ्या वयातच ते बॅप्टिस्ट मंडळीत उपदेश करू लागले होते आणि गिटारीस हात लावणे पाप समजत. पुढे त्याच गिटारीने त्यांना ओढून नेले. वेदी आणि गुत्ता यांच्यामधली ही ओढाताण आयुष्यभर चालली. १९३० सालच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांतील एका गीताचा विषयच ती आहे. ती तबकडी फारशी खपली नाही. १९४३ मध्ये त्यांनी दक्षिण सोडली आणि हळूहळू गाणेही सोडले. तरुण दारात उभे राहिले तेव्हा बासष्टीच्या या गृहस्थाने कित्येक वर्षे गिटार धरली नव्हती. स्वतःच्या चालीही विसरल्या होत्या.

मग अॅलन विल्सन नावाचा जेमतेम एकवीस वर्षांचा गौरवर्णीय तरुण त्यांच्यासमोर गिटार घेऊन बसला. त्याने सन हाऊस यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकून ऐकून आत्मसात केली होती. तो वाजवून दाखवी आणि सन हाऊस यांची बोटे हळूहळू आपलीच वाट ओळखू लागत. पुढल्याच वर्षी कोलंबिया कंपनीने त्यांची नवी ध्वनिमुद्रिका काढली. आता त्या खोलीत मूळ कोणते आणि नक्कल कोणती? आम्ही त्या दोघा तरुणांना हाच प्रश्न विचारला. नक्कल करणारा नसता तर मूळ गायक आपले गाणे पुन्हा गाऊ शकला असता, असे आम्हांस वाटत नाही.

आणि त्या मुळाचे तरी मूळ कोठे? १९४१ च्या उन्हाळ्यात लायब्ररी ऑफ काँग्रेसतर्फे अॅलन लोमॅक्स मळ्यावर ध्वनिमुद्रणास आले असता मडी वॉटर्स यांनी त्यांना एक गीत ऐकवले. हे कसे सुचले, असे विचारता ते म्हणाले की, मोटारीचे पंक्चर काढताना आपण ते रचले. पुढे बोलता बोलता त्यांनीच सांगितले की, रॉबर्ट जॉन्सन यांनी अशाच चालीची तबकडी काढली आहे, आपण मात्र ती सन हाऊस यांच्याकडून शिकलो, आणि तसे पाहता ती कापसाच्या शेतातलीच आहे. या विधानांपैकी एकही खोटे मानण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.

तेव्हा उसने घेण्यात दोष आम्ही मानीत नाही. दोष उसने नाकारण्यात आहे. इंग्लंडातील क्रीम या त्रयीने १९६६ साली स्किप जेम्स यांचे १९३१ सालचे एक गीत रॉकच्या ढंगात वाजवले आणि तबकडीवर रचनाकार म्हणून त्यांचेच नाव छापले. आजारी, कफल्लक अवस्थेतील त्या वृद्धास त्यामुळे रॉयल्टीचे पैसे मिळाले, आणि ते त्यांच्या औषधोपचारास उपयोगी पडले. याउलट लेड झेपेलिन या वृंदाने १९६९ साली ‘होल लॉटा लव्ह’ हे गीत काढले. त्यातील गिटारीची झेप त्यांची स्वतःची, हे निःसंशय. शब्दांचा मोठा भाग मात्र विली डिक्सन यांचा होता. डिक्सन यांचे ते गीत मडी वॉटर्स यांनी १९६२ साली गायिले होते. पहिल्या तबकड्यांवर डिक्सन यांचे नाव नव्हते. त्यांनी १९८५ साली दावा लावला, १९८७ मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली आणि पुढे त्यांचे नाव छापले जाऊ लागले. एवढ्यावरून सारा दोष इंग्रजांच्या माथी मारणे मात्र बरोबर नव्हे. ज्या आर्क म्युझिककडे त्यांच्या गीतांचे हक्क होते, तिच्याविरुद्धही डिक्सन आणि मडी वॉटर्स या दोघांना १९७० च्या दशकात आपल्या पैशांसाठी न्यायालयात जावे लागले होते.

हे ऐकून नक्कल-नक्कल म्हणणारा तरुण खुलला. आम्ही त्याला पुढचेही सांगितले. १९५५ साली लिटल वॉल्टर यांनी गाजवलेले ‘माय बेब’ हे गीतही डिक्सन यांच्याच नावावर आहे. परंतु त्याची चाल ‘धिस ट्रेन’ या कृष्णवर्णीय चर्चमध्ये गायिल्या जाणाऱ्या पारंपरिक भक्तिगीतावर बेतलेली आहे. शब्दांतील स्वर्गाच्या गाडीच्या जागी प्रेयसी आली, इतकेच.

“मग फादर, त्या चर्चवाल्यांना कोणी पैसे दिले?” त्याने विचारले.

आम्हांस उत्तर देता आले नाही. दुसरा तरुण तोवर खुर्च्या रचू लागला होता. आम्ही दिवे मालवले.