अवयव प्रत्यारोपण झालेल्या मुलांचा व्यायाम

मूत्रपिंड, यकृत, हृदय किंवा फुप्फुसाचे प्रत्यारोपण झालेल्या मुलांनी शस्त्रक्रियेनंतर करावयाच्या हालचाली, खेळ आणि त्यांतील पथ्ये. नवा अवयव काम करू लागला तरी आधीच्या दीर्घ आजारपणात मुलाचे स्नायू आणि दम दोन्ही खचलेले असतात. नंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडमुळे मांड्यांचे स्नायू दुबळे होतात; उकिडवे बसलेले मूल उठताना हात टेकू लागते, जिना चढताना कठड्याला धरते. हाडे विरळ होणे, वजन आणि रक्तदाब वाढणे हेही या औषधांच्या मागोमाग येते. या सगळ्यावर व्यायाम उपयोगी पडतो. तरीही ‘धक्का लागेल’ या धास्तीने घरचे मुलाला बसवून ठेवतात आणि शाळा त्याला खेळाच्या तासाला वर्गातच थांबवते. ही भीती बहुधा खेळापेक्षा महागात पडते.

सुरुवात रुग्णालयातच होते : पलंगावर उठून बसणे, दोन-चार पावले, मग फेऱ्या. पोटाची किंवा छातीची जखम आतून भरून येण्यास आठवडे लागतात. छातीचे हाड कापले असल्यास ते सांधेपर्यंत, म्हणजे साधारण ६ ते १२ आठवडे, जड दप्तर उचलणे, लोंबकळणे, हात धरून ओढणे वर्ज्य असते. पुढे दिवसाला ६० मिनिटे हालचाल हे उद्दिष्ट. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या सर्वच मुलांसाठी हेच सांगितले आहे; मात्र तेथवर पोहोचण्याचा वेग प्रत्यारोपण पथक ठरवते.

कोणता खेळ टाळायचा, हे अवयव कोठे बसवला आहे त्यावर अवलंबून असते. प्रत्यारोपित मूत्रपिंड मूळ जागी, पाठीकडे बरगड्यांच्या आडोशाला नसते; ते ओटीपोटात एका बाजूला, कातडीखाली हाताला लागेल असे असते. कोपर, गुडघा किंवा सायकलच्या हँडलचा मार तेथे थेट बसू शकतो. म्हणून कबड्डी, कुस्ती, ज्यूदो यांना सहसा नकार मिळतो. फुटबॉलबाबत मतभेद आहेत. काही डॉक्टर पोटावर संरक्षक पट्टा बांधून परवानगी देतात. लंगडी, बॅडमिंटन, धावणे, दोरीवरच्या उड्या यांना पुरेशी ताकद आल्यावर बहुधा आडकाठी नसते.

हृदय प्रत्यारोपणाची गोष्ट निराळी. दात्याचे हृदय काढताना त्याचे मज्जातंतू तुटतात. मेंदूकडून येणारा लगाम नसल्यामुळे ते विश्रांतीतही जलद धडधडते, पण धावायला लागल्यावर लगेच वेग घेत नाही. रक्तातून ॲड्रेनलिन पोहोचेपर्यंत काही मिनिटे जातात. थांबल्यावरही ते सावकाश शांत होते. म्हणून खेळाआधी व नंतर ५ ते १० मिनिटे हळू चालणे आवश्यक ठरते. नाडी मोजून येथे फारसे कळत नाही. खेळता खेळता मुलाला बोलता येते का, हे पाहणे अधिक भरवशाचे. हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखेलच असे नाही. चक्कर, नेहमीपेक्षा जास्त धाप किंवा अकारण थकवा आल्यास खेळ तेथेच थांबवून डॉक्टरांना कळवावे.

प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे आणखी काही पथ्ये येतात. जखम पूर्ण भरून नळ्या निघाल्यावर क्लोरीनच्या तलावात पोहता येते. ओढा, डबके आणि पावसाळ्यातले साचलेले पाणी मात्र टाळावे, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तेथे असू शकतात. उन्हात टोपी व सनस्क्रीन हवे, कारण पुढील आयुष्यात त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी खेळताना पाणी पीत राहावे. पाय मुरगळला म्हणून आयब्युप्रोफेन मनाने देऊ नये, ते मूत्रपिंडाला घातक ठरू शकते. जांघेत किंवा गुडघ्यात रेंगाळणारे दुखणे ‘खेळून दुखत असेल’ म्हणून सोडून देऊ नये. स्टेरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची ती खूण असू शकते.

अवयव मिळालेल्यांची पहिली जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथे झाली. आज या स्पर्धांत मुलेही उतरतात. धावणे, पोहणे, बॅडमिंटन, टेबल टेनिस हे त्यांतील खेळ.