शपथ आणि शाप

इंग्रजी भाषेंत ‘स्वेअर’ असें एक क्रियापद आहे. न्यायासनासमोर सत्य सांगण्याची प्रतिज्ञा करणारा साक्षीदार ‘स्वेअर’ करतो, आणि चिखलांत चाक रुतल्यावर बैलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा गाडीवानही ‘स्वेअर’च करतो. एकाच शब्दाच्या पोटीं पावित्र्य आणि शिवी हीं दोन्ही कशीं नांदतात, असा प्रश्न एका विद्यार्थ्यानें मला विचारला. तोही वर्गांत नव्हे, तर मेळघाटांतील सेमाडोह येथें, सिपना नदीच्या कांठीं. आमच्या महाविद्यालयाची सहल तेथें गेली होती. मीं त्याला कोशांतलें उत्तर दिलें. खरें उत्तर त्याच रात्रीं त्यानें मला दिलें. पण आधीं कोशांतलें सांगतों.

जुन्या इंग्रजींत या क्रियापदाचा अर्थ शपथ घेणें एवढाच होता. ‘आन्सर’ या शब्दाचा उत्तरार्धही त्याच कुळांतला. आरोपाचें शपथपूर्वक केलेलें खंडन, तें मूळचें ‘आन्सर’. पुढें लोक क्षुल्लक गोष्टींसाठींही देवाच्या नांवानें, त्याच्या रक्ताच्या व जखमांच्या नांवानें शपथा वाहूं लागले. धर्मगुरूंच्या दृष्टीनें हें पाप होतें. अशा रीतीनें शपथेच्या शब्दाला अपशब्दाचा अर्थ चिकटला, आणि अखेरीस देवाचें नांव गळून नुसती शिवी उरली. १७४५ सालीं पार्लमेंटनें अशा तोंडाळपणाला दंड ठरविला: मजूर, शिपाई व खलाशी यांस एक शिलिंग, त्यांहून वरच्यांस दोन, आणि प्रतिष्ठित गृहस्थास पांच! हा कायदा १९६७ सालीं रद्द झाला.

आपल्याकडे प्रवास उलट दिशेनें झाला. संस्कृतांत ‘शप्’ धातूचा अर्थ शाप देणें. शाप आणि शपथ या सख्ख्या बहिणी. वेदांत तर ‘शपथ’ हा शब्द शापाच्याच अर्थानें येतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत, आपणांवर जादूटोण्याचा आळ आला असतां, आपण तसे असूं तर आजच मरण येवो, असें ऋषि म्हणतो. म्हणजे शपथ हा स्वतःकडे वळविलेला शाप होय. मनुस्मृतींत बायकामुलांच्या मस्तकाला हात लावून शपथ घेण्याचा प्रकार सांगितला आहे. तेथें हा शाप स्वतःवरून घरच्यांवर सरकतो. मराठेशाहींत बेलभंडार उचलून दिलेला शब्द मोडण्यास माणूस धजत नसे, तोही याच भयामुळें. इंग्रजींत शपथेची शिवी झाली; आपल्याकडे शापाची शपथ झाली.

आतां त्या रात्रीची हकीकत. सहलीच्या वर्गणीचे पैसे सांपडेनात. ते या विद्यार्थ्याकडेच सोंपविलेले होते. सर्वांदेखत मी त्याला म्हणालों, “आईची शपथ घेऊन सांग.”

तो उभा राहिला. “सर, मीं पैसे घेतले नाहींत. पण आईची शपथ घेणार नाहीं.”

“कां?”

“बोलणारा मी आहें, सर. तिचा जीव मध्यें कशाला?”

त्याच्या नकारांत पुष्कळांना कबुली दिसली. मलाही दिसली, हें कबूल केलें पाहिजे. रात्रभर त्याच्याशीं कोणी बोललें नाहीं. सकाळीं स्वयंपाकाची तयारी करतांना शिध्याच्या पोत्यांत पैशांची पिशवी सांपडली. सामान उतरवितांना कोणीतरी ती तेथें टाकली होती. मीं सर्वांदेखत त्याची क्षमा मागितली. तो “असूं द्या, सर,” एवढेंच म्हणाला.

परत आल्यावर मीं शपथांच्या कायद्यांचा इतिहास चाळला. गंगाजलाची वा कुराणाची शपथ सक्तीनें घेणें अनेकांच्या मनाला जाचतें व न्यायाच्या कामांत अडथळा येतो, म्हणून कंपनी सरकारनें १८४० सालीं ती बंद करून साधी सत्यप्रतिज्ञा पुरेशी मानली. म्हणजे शपथेला नकार देणारा तो चोर, असें त्या परक्या सरकारलाही वाटलें नव्हतें. १८७३ च्या कायद्यानें पक्षकारांच्या समाजांत रूढ असलेल्या शपथांना पुन्हां वाट दिली, पण एक अट घातली: तिचा परिणाम तिसऱ्या माणसावर होणार आहे, अशी ती शपथ नसावी. १९६९ च्या कायद्यानें ती वाटही मिटली. आज साक्षीदार ईश्वराच्या नांवानें शपथ घेतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो. कोणाच्या आईला कोर्टांत यावें लागत नाहीं.

या मुलानें तो कायदा वाचलेला नव्हता. मीं धातु शिकविला होता; त्याचा अर्थ त्याला ठाऊक होता. तेव्हांपासून मी कोणाला शपथ घालीत नाहीं. विचारतों, आणि तो जें सांगेल तें ऐकतों.